‘गेट’चे अर्थ किती? इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांसाठी एका शब्दाची पायरीपायरीने ओळख

इंग्रजी शिकणारा माणूस लांबलचक शब्दांना घाबरतो, पण अडखळतो तो छोट्या शब्दांवर. ‘फोटोसिंथेसिस’ म्हणजे प्रकाशसंश्लेषण, हे एकदा लक्षात राहिलं की काम झालं. वाक्य कुठलंही असो, अर्थ तोच. ‘गेट’चं तसं नाही. ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे मला पत्र मिळालं. ‘आय गॉट टायर्ड’ म्हणजे मी दमलो. ‘आय गॉट होम’ म्हणजे मी घरी पोहोचलो आणि ‘आय गॉट द जोक’ म्हणजे मला विनोद कळला. इंग्रजीत क्रियापद एकच, मराठीत चार.

फाटक या अर्थाचं ‘गेट’ वेगळं, त्याचा इथे संबंध नाही. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, पण फाटकाच्या ‘गेट’मधला ‘ए’ लांबवून म्हणतात आणि त्याचं स्पेलिंगही निराळं आहे. आपलं ‘गेट’ झटकन तुटतं.

रोजच्या वापरातल्या छोट्या शब्दांना अर्थांचे असे फाटे फुटतातच. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. त्याचे ४३० हून अधिक अर्थ तिथे दिले होते. पुढे कोशाचं संशोधन चालू राहिलं आणि २०११ मध्ये ‘रन’ने त्याला मागे टाकलं. त्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. ‘गेट’ला हा मान मिळालेला नाही, तरी मी शिकायला ‘गेट’च निवडायला सांगेन. बोलण्यात तो पावलोपावली येतो आणि मराठी बोलणाऱ्यांच्या काही ठरावीक चुका नेमक्या याच शब्दापाशी होतात.

पहिली पायरी: ‘लागणे’ आठवा

यादी पाठ करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. असा शब्द हाताळणं तुम्हाला आधीपासून येतं. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, फोन लागतो, वेड लागतं. पैसे लागतात, जावं लागतं, मूल बोलू लागतं. या ‘लागणे’चे अर्थ आपण कधीच पाठ केले नाहीत. शेजारी ‘भूक’ आली की एक अर्थ, ‘निकाल’ आला की दुसरा, आणि आधी ‘जावं’ आलं की सक्ती. कान शेजारच्या शब्दाकडे जातो आणि अर्थ आपोआप ठरतो.

‘गेट’ही असाच वाचायचा. फरक एवढाच की मराठीत अर्थ ठरवणारा शब्द आधी येतो, इंग्रजीत तो ‘गेट’च्या नंतर येतो. म्हणून ‘गेट’ दिसला की थांबू नका, पुढच्या शब्दावर जा.

आणखी एक धागा हाताशी ठेवा. ‘गेट’च्या बहुतेक अर्थांत काहीतरी बदलतं. आधी नव्हतं ते आलं, आधी जिथे नव्हतो तिथे पोहोचलो, आधी कळत नव्हतं ते कळलं. ‘शी इज मॅरिड’ म्हणजे ती विवाहित आहे, तर ‘शी गॉट मॅरिड इन जून’ म्हणजे जूनमध्ये तिचं लग्न झालं. ‘इट इज डार्क’ म्हणजे अंधार आहे, ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडतोय. अवस्था सांगायची तर ‘इज’, त्या अवस्थेत येणं सांगायचं तर ‘गेट’. जाता जाता, ‘लग्न कुणाशी’ मधल्या ‘शी’मुळे आपण ‘मॅरिड विथ’ म्हणून जातो. इंग्रजीत ते ‘मॅरिड टु’ असतं.

दुसरी पायरी: ‘गेट’च्या पुढे काय आलंय ते बघा

पुढे नाम असेल तर बहुतेक वेळा अर्थ मिळणे, मिळवणे किंवा आणणे असा होतो. ‘आय गॉट अ गिफ्ट’ मध्ये भेट मिळाली, ‘कॅन यू गेट मी अ चेअर?’ मध्ये खुर्ची आणून द्यायची आहे. नाम आजाराचं असेल तर तो आजार होणे: ‘शी गॉट अ कोल्ड’, तिला सर्दी झाली. नाम विनोद, मुद्दा, कल्पना अशा जातीचं असेल तर समजणे.

पुढे विशेषण असेल तर होणे. ‘गेट अँग्री’, ‘गेट रेडी’, ‘गेट वेट’. इथे ‘गेटिंग’ आणि त्यापुढे तुलनेचं विशेषण ही जोडी फार कामाची आहे. मराठीतल्या ‘होत चालणे’ला ती चपखल बसते. ‘द डेज आर गेटिंग शॉर्टर’, दिवस लहान होत चाललेत. ‘हर इंग्लिश इज गेटिंग बेटर’, तिचं इंग्रजी सुधारत चाललंय.

मात्र विशेषणाचा हा नियम नामाला लावू नका. ‘तिला डॉक्टर व्हायचंय’ यासाठी ‘शी वॉन्ट्स टु गेट अ डॉक्टर’ म्हटलंत, तर ऐकणारा घाबरून विचारेल की कोण आजारी आहे. त्या वाक्याचा अर्थ ‘तिला डॉक्टर बोलवायचाय’ असा होतो. नामाच्या बाबतीत ‘होणे’साठी ‘बिकम’ किंवा नुसतं ‘बी’ वापरायचं.

पुढे ठिकाण असेल तर पोहोचणे. ‘गेट टु द स्टेशन’ मध्ये ‘टु’ लागतो, पण ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्या आधी तो लागत नाही.

पुढे ‘टु’ आणि क्रियापद असेल तर संधी मिळणे. ‘आय गॉट टु सी द सी’, मला समुद्र बघायला मिळाला. मराठीतही आपण ‘मिळणे’च वापरतो, त्यामुळे हा अर्थ पटकन अंगवळणी पडतो. ‘गेट टु नो’ म्हणजे हळूहळू ओळख होणे.

पुढे थेट क्रियापदाचं तिसरं रूप असेल तर ते कर्त्याच्या बाबतीत घडून गेलेलं असतं, बहुधा त्याच्या इच्छेशिवाय. ‘ही गॉट फायर्ड’, त्याला कामावरून काढलं. ‘द विंडो गॉट ब्रोकन’, खिडकी फुटली. सुदैवाच्या गोष्टीही अशाच सांगतात: ‘शी गॉट प्रमोटेड’. बोलताना हे अगदी स्वाभाविक आहे. पण अहवालात, बातमीत किंवा इतिहासाच्या पुस्तकात पूल ‘वॉज बिल्ट’ असतो, ‘गॉट बिल्ट’ नसतो.

तिसरी पायरी: केस कुणी कापले?

या पायरीवर जरा जास्त वेळ घालवा. मराठीतून इंग्रजीत येताना सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो.

आपण सहज म्हणतो, ‘मी काल केस कापले’, ‘मी डोळे तपासले’, ‘आम्ही घर रंगवलं’. काम दुसऱ्याने केलं आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून ‘कापून घेतले’, ‘रंगवून घेतलं’ असं प्रत्येक वेळी म्हणायची गरज पडत नाही. इंग्रजीत ही सवलत फारशी नाही. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की तुम्ही स्वतः आरशासमोर कात्री घेऊन उभे राहिलात असाच अर्थ निघतो. न्हाव्याकडून कापून घेतले असतील तर ‘आय गॉट माय हेअर कट’.

रचना अशी: आधी ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट माय आइज टेस्टेड’, मी डोळे तपासून घेतले. ‘वुई आर गेटिंग द हाउस पेंटेड’, आम्ही घर रंगवून घेतोय. शब्दांचा क्रम हलवू नका. ‘कट’ हे ‘हेअर’च्या आधी गेलं की कापणारे पुन्हा तुम्हीच. ‘गेट’च्या जागी ‘हॅव’ घातलं तरी चालतं. ‘आय हॅड माय हेअर कट’ थोडं अधिक औपचारिक वाटतं, बाकी अर्थ तोच.

याच रचनेतून अपघातही सांगता येतो. ‘ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर’ याचा अर्थ त्याने बोट मुद्दाम अडकवून घेतलं असा नाही, त्याचं बोट दारात चिमटलं. कुठला अर्थ घ्यायचा हे प्रसंगावरून कळतं.

वस्तूऐवजी माणूस आला तर रचना बदलते. ‘आय गॉट हिम टु साइन’, मी त्याला सही करायला लावली. यात समजावणं, गळ घालणं, पाठपुरावा करणं असं काहीतरी गृहीत असतं. ‘आय मेड हिम साइन’ म्हटलं की जोर आला, म्हणजे सही करायला भाग पाडलं. ‘आय हॅड हिम साइन’ मध्ये तुम्हाला सांगण्याचा अधिकार आहे, सांगितलं आणि त्याने केली. आणि ‘आय लेट हिम साइन’ म्हणजे करू दिली. आता ‘टु’कडे बघा. तो फक्त ‘गेट’ला लागतो. ‘मेक’, ‘हॅव’ आणि ‘लेट’ यांना लागत नाही. ही चार वाक्यं चार-पाच वेगवेगळी क्रियापदं घालून मोठ्याने म्हणा, कारण इथे नियम पाठ असण्यापेक्षा जिभेला वळण असणं महत्त्वाचं.

चौथी पायरी: ‘हॅव गॉट’ वेगळा ठेवा

‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’ मध्ये कुणी काही मिळवलेलं नाही. मला दोन भाऊ आहेत, एवढंच. रूप पूर्ण वर्तमानकाळाचं दिसतं, पण अर्थ साधा वर्तमानाचा आहे. बोलताना ‘हॅव’ आक्रसून ‘आय’व्ह गॉट’ होतं. ‘हॅव गॉट टु’ म्हणजे करायलाच हवं, आणि घाईच्या बोलण्यात त्याचं ‘गॉटा’ होतं. ते ऐकून ओळखता आलं पाहिजे, लिहिण्यात मात्र वापरू नका.

अमेरिकी इंग्रजीत ‘गॉटन’ असंही तिसरं रूप ऐकू येतं. ते जुनं इंग्रजी रूप आहे, ब्रिटनमध्ये मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. अमेरिकी माणूस ‘आय’व्ह गॉट अ कार’ म्हणतो तेव्हा त्याच्याकडे गाडी आहे. ‘आय’व्ह गॉटन अ कार’ म्हणतो तेव्हा त्याने ती घेतली आहे. दोन्ही रूपांत त्याने अर्थांची वाटणी करून टाकली आहे, आणि मला ती फार सोयीची वाटते. तुम्ही ब्रिटिश धाटणीचं इंग्रजी लिहीत असाल तर मात्र ‘गॉट’वरच राहा.

पाचवी पायरी: समानार्थी शब्द निवडताना

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय निवड नीट कळत नाही. ‘गेट’ मुळात इंग्रजी नाही. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातले लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वसले, त्यांच्या नॉर्स भाषेतलं ‘गेटा’ हे क्रियापद इंग्रजीत उतरलं. जुन्या इंग्रजीतला त्याचा भाऊबंद आज ‘फरगेट’ आणि ‘बिगेट’ यांच्या पोटात शिल्लक आहे. पुढे १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार, न्यायालय, कारभार यांत फ्रेंचचा शिरकाव झाला. ‘रिसीव्ह’ आणि ‘ऑब्टेन’ फ्रेंचमधून आले, ‘अक्वायर’चं मूळही लॅटिनमध्ये आहे. म्हणून आजही ‘गेट’ शेजाऱ्याशी बोलताना तोंडात येतो आणि ‘ऑब्टेन’ अर्जात शोभतो.

आता ‘मिळणे’ आणि ‘मिळवणे’ या अर्थाचे शब्द घेऊ. ‘रिसीव्ह’ मध्ये तुम्ही काही करत नाही, वस्तू तुमच्याकडे येते: पत्र, पगार, तक्रार. ‘ऑब्टेन’ मध्ये प्रयत्न आणि रीतसर मार्ग असतो: परवानगी, दाखला, माहिती. ‘अक्वायर’ हळूहळू जमणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे कौशल्य किंवा सवय, आणि मालमत्ता किंवा कंपनी ताब्यात घेण्यासाठी. ‘अर्न’ मध्ये कष्टाचं किंवा लायकीचं फळ असतं. मान ‘अर्न’ करतात, तो ‘ऑब्टेन’ करत नाहीत. ‘गेन’ म्हणजे असलेल्यात भर पडणे: अनुभव, आत्मविश्वास, वजन. ‘सिक्युअर’ म्हणजे धडपड करून पदरात पाडून घेणे. ‘फेच’ म्हणजे जाऊन घेऊन येणे, त्यात जाणं आणि येणं दोन्ही आहेत.

‘होणे’चे पर्याय मला त्याहून रंजक वाटतात. ‘बिकम’ कुठेही चालतो आणि जरा गंभीर वाटतो. ‘टर्न’ रंगाला आणि वयाला: पानं ‘टर्न यलो’, माणूस ‘टर्न्स फॉर्टी’. ‘ग्रो’ संथ बदलाला: ‘ग्रो ओल्ड’. ‘गो’ बहुतेकदा बिघाडाला: दूध ‘गोज बॅड’, माणूस ‘गोज डेफ’, ‘गोज बॉल्ड’. मराठीत दूध नासतं, लोखंड गंजतं, पाव शिळा होतो, प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे. इंग्रजीने तिथे ‘गो’ आणि विशेषण एवढ्यावर बरंच भागवलं आहे.

‘पोहोचणे’साठी ‘रीच’ घ्याल तर त्यापुढे ‘टु’ नको. ‘वुई रीच्ड द स्टेशन’, बस्स. ‘अराइव्ह’ला शहर किंवा देश असेल तर ‘इन’, इमारत किंवा थांबा असेल तर ‘ॲट’. ‘समजणे’साठी ‘अंडरस्टँड’ सगळीकडे चालतो. ‘फॉलो’ म्हणजे बोलण्याचा धागा पकडता येणं, ‘ग्रास्प’ म्हणजे अवघड गोष्ट नीट उमगणं.

‘गेट’ टाळा, तो गावठी वाटतो, असा सल्ला अनेकदा दिला जातो. मला तो पटत नाही. अर्जात ‘आय गॉट युअर लेटर’ऐवजी ‘आय रिसीव्ड युअर लेटर’ लिहिणं योग्यच. पण मित्राला ‘आय ऑब्टेन्ड अ सीट’ म्हणणं म्हणजे घरच्यांशी बोलताना ‘मजला आसन प्राप्त जाहले’ म्हणण्यासारखं आहे. ‘गेट अप’, ‘गेट मॅरिड’, ‘गेट ड्रेस्ड’ या जोड्या तर रोजच्या बोलण्यात मोडू नयेतच.

सहावी पायरी: छोट्या शब्दांच्या जोड्या

‘गेट’ला ‘अप’, ‘ओव्हर’, ‘बाय’, ‘अवे’ असे शब्द चिकटले की नवं क्रियापद तयार होतं. शब्दशः अर्थ लावत बसू नका. अशा प्रसंगी मराठी माणूस काय म्हणेल ते शोधा. हा शोध मला मनापासून आवडतो, कारण मराठीत जोडीदार जवळजवळ प्रत्येक वेळी सापडतो.

‘गेट बाय’ म्हणजे भागवणे: थोड्या पैशांत ‘दे गेट बाय’. ‘गेट अलॉन्ग’ म्हणजे पटणे, आणि ‘दे डोन्ट गेट अलॉन्ग’ म्हणजे त्यांचं पटत नाही. ‘गेट ओव्हर’ आजाराच्या बाबतीत बरं होणे, दुःखाच्या बाबतीत सावरणे. ‘गेट अवे विथ’ म्हणजे पचवणे, जशी चोरी पचवतात. ‘गेट अक्रॉस’ म्हणजे आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोहोचवणे. ‘गेट राउंड टु’ म्हणजे रखडलेल्या कामाला एकदाचा मुहूर्त लागणे. ‘गेट द हँग ऑफ’ म्हणजे हात बसणे. ‘गेट ऑन माय नर्व्हज’ म्हणजे डोक्यात जाणे. ‘गेट इव्हन’ म्हणजे उट्टं काढणे. ‘गेट कॅरीड अवे’ म्हणजे वाहवत जाणे आणि ‘गेट कोल्ड फीट’ म्हणजे ऐनवेळी कच खाणे.

‘गेट लॉस्ट’ जपून वापरा. ‘वुई गॉट लॉस्ट’ म्हणजे आम्ही वाट चुकलो, पण समोरच्याला नुसतं ‘गेट लॉस्ट!’ म्हटलं तर ते ‘चालता हो!’ असतं.

वाहनांचा नियम सोपा आहे. ज्यात उभं राहून चालता येतं त्यात ‘गेट ऑन’ आणि त्यातून ‘गेट ऑफ’: बस, रेल्वे, विमान. ज्यात वाकून बसावं लागतं त्यात ‘गेट इन’ आणि त्यातून ‘गेट आउट ऑफ’: मोटार, टॅक्सी.

सातवी पायरी: एक उतारा सोडवून बघा

संवाद असलेलं कुठलंही पान घ्या आणि प्रत्येक ‘गेट’खाली रेघ मारा. मग पुढचा शब्द बघा, मराठी क्रियापद लिहा आणि शेवटी समानार्थी शब्द घालून बघा. कोश वापरायचा तर शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला एकभाषी कोश घ्या. त्यात अर्थाशेजारी औपचारिक की अनौपचारिक हे लिहिलेलं असतं, आणि ‘गेट’च्या बाबतीत निम्मा प्रश्न तोच असतो. नमुन्यादाखल हा उतारा:

‘व्हेन आय गॉट होम, इट वॉज गेटिंग डार्क. आय गॉट अ मेसेज फ्रॉम माय सिस्टर. शी हॅड गॉट अ न्यू जॉब. आय डिडन्ट गेट एव्हरीथिंग शी रोट, सो आय गॉट हर टु कॉल मी.’

पहिल्या ‘गॉट’पुढे ‘होम’ आहे, म्हणजे पोहोचलो. इथे ‘रीच्ड होम’ किंवा ‘अराइव्ड होम’ चालेल. दुसऱ्यापुढे विशेषण, अंधार पडत होता. तिसऱ्यापुढे बाहेरून आलेला निरोप, म्हणून ‘रिसीव्ड’. चौथ्यापुढे नोकरी. तिथे ‘फाउंड’ सहज वाटतं, आणि नोकरी फार खटपटीने मिळाली असेल तर ‘सिक्युअर्ड’. पाचव्या ठिकाणी तिने लिहिलेलं सगळं कळलं नाही, तेव्हा ‘अंडरस्टँड’. सहाव्यापुढे माणूस आणि मग ‘टु’ आहे, म्हणजे तिला फोन करायला लावला. इथे ‘मेड’ घातलं तर बहिणीवर जबरदस्ती केल्यासारखं होईल. ‘आस्क्ड’ घातलं तर तिने फोन केला की नाही हेच कळणार नाही. ‘पर्सुएडेड’ घातलं तर तिची फार मनधरणी करावी लागली असं वाटेल. म्हणून तिथे ‘गॉट’ तसाच राहू द्या. दुसऱ्या ठिकाणीही ‘इट वॉज बिकमिंग डार्क’ व्याकरणात बसतं, पण बोलण्यात ‘इट वॉज गेटिंग डार्क’ हेच जास्त सहज वाटतं.